नावात तळं, पण घात उताराचा! | ऑलिंपिक क्लबचा लेक कोर्स

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबच्या गोल्फ मैदानाबद्दल, म्हणजे लेक कोर्सबद्दल बोलले होते. त्याखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलंय: "ताई, लेक कोर्स म्हणता, मग बॉल पाण्यात गेल्याचा एकही किस्सा कसा नाही?"

कारण तिथे पाणीच नाही! लेक मर्सेड हे तळं शेजारी आहे, पण अठरापैकी एकाही होलवर (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) पाण्याचा अडथळा नाही. फेअरवेवर, म्हणजे बारीक कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर, बंकर (वाळूचा खड्डा) सुद्धा एकच, सहाव्या होलला. आणि कमेंटमध्ये जे हार्डिंग पार्कशी गल्लत करतायत त्यांच्यासाठी: ते तळ्याच्या पलीकडचं गोल्फ मैदान, पालिकेचं, सगळ्यांना खुलं. 2020 ची पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा कॉलिन मोरिकावाने जिंकली ती तिथे. ऑलिंपिक क्लब खाजगी आहे.

मग लोक हरतात कशाने? उताराने. अख्खा कोर्स टेकडीच्या कुशीवर, तळ्याच्या बाजूला कललेला. घाटातला रस्ता आठवा. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात, म्हणजे गाडी वळणात धरली जाते. इथे नेमकं उलटं. चौथा होल डावीकडे वळतो आणि जमीन उजवीकडे उतरते. पाचवा उजवीकडे वळतो, जमीन डावीकडे.

आता पायांकडे बघा. उजव्या हाताने खेळणारा चौथ्यावर उभा राहिला की बॉल पायांपेक्षा खाली. असा बॉल आपोआप उजवीकडे पळतो, आणि आपल्याला हवाय डावीकडे! पाचव्यावर बॉल पायांच्या वर, तो डावीकडे ओढतो, आणि हवाय उजवीकडे. मी हे हार्डिंग पार्कच्या एका उतारावर मुद्दाम करून पाहिलं. दहा बॉल मारले, आठ झाडीत. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

हे नीट ऐका, कारण टीव्हीवर हे दिसतच नाही, कॅमेरा जमीन सपाट करून टाकतो: फटका बरोबर बसला तरी बॉल टप्पा घेऊन घरंगळत दाट गवतात जातो. चूक नसतानाही शिक्षा! म्हणून इथे आघाडी टिकत नाही.

पटत नाही? इथे पुरुषांच्या पाच यूएस ओपन (अमेरिकेची मोठी गोल्फ स्पर्धा) झाल्या, आणि पाचही वेळा 54 होलनंतर, म्हणजे चारपैकी तीन फेऱ्या झाल्यावर, पुढे असणारा हरला. 1955 ला बेन होगन पाचव्या विजेतेपदाच्या दारात होता. आयोवातल्या पालिकेच्या कोर्सवरचा जॅक फ्लेक, होगनच्याच कंपनीच्या काठ्यांनी खेळणारा, त्याने शेवटच्या होलला बर्डी करून (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन) बरोबरी साधली. दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा खेळात, फ्लेक 69 फटके, होगन 72. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो, म्हणजे फ्लेक जिंकला. त्या प्लेऑफच्या शेवटच्या होलला होगनचा पहिलाच फटका खोल गवतात गेला होता.

1966 तर माझ्या काळजाला लागलेलं आहे. अर्नोल्ड पामर नऊ होल उरले असताना सात शॉटनी पुढे. सात! बिली कॅस्परने ते नऊ 32 मध्ये काढले, पामरने 39 मध्ये. बरोबरी, आणि प्लेऑफ कॅस्परचा.

पुढचं पटकन: 1987 ला टॉम वॉटसन एका शॉटने हरला, स्कॉट सिम्पसन जिंकला. 1998 ला पेन स्ट्युअर्टला ली जॅन्झनने मागून येऊन हरवलं. त्याच दिवशी पाचव्या होलला जॅन्झनचा बॉल सायप्रसच्या झाडात अडकला होता, जॅन्झन माघारी वळला आणि बॉल खाली पडला! 2012 ला वेब सिम्पसन, तोही मागून येऊन.

बायकांची यूएस ओपन 2021 ला इथे झाली. "पुरुषांचंच सांगता" म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, ही ऐका. लेक्सी थॉम्पसन शेवटच्या दिवशी पाच शॉटनी पुढे होती, आणि 19 वर्षांच्या युका सासोने नासा हाताओकाला प्लेऑफमध्ये हरवून करंडक नेला.

2028 ची पीजीए चॅम्पियनशिप इथेच ठरली आहे. बघाल तेव्हा चौथ्या-पाचव्या होलला बॉल सोडा, खेळाडूचे पाय बघा. कोण कुठे अडकतोय ते मला कमेंटमध्ये लिहा.