आतड्याला टाका कोणत्या धाग्याचा?

[शस्त्रक्रियेच्या हिरव्या कापडावर आतड्याचं वेटोळं]

आंब्याचा मोसम आला की जनावरांच्या दवाखान्यात कोय गिळलेली कुत्री यायला लागतात. हे लॅब्रॅडॉर दोन दिवस ओकत होतं. कोय कुठे बसलीय ते आतडंच दाखवतंय. तिच्या मागचा, तोंडाकडचा भाग फुगून जांभळट झालाय, पुढचा रिकामा आणि फिकट. डॉक्टर चिरा कोयीवर देत नाहीत. थोडं पुढे, जिथे आतडं निरोगी आहे तिथे देतात आणि कोय मागून हलकेच सरकवत आणतात.

[कोय चिमट्यात. इथे निवेदन नाही.]

[ट्रेवर चार पाकिटं]

आता धागा. पहिलं पाकीट क्रोमिक कॅटगटचं. फोडल्याबरोबर स्पिरिटसारखा वास सुटतो, कारण हा धागा अल्कोहोलात भिजवलेलाच येतो. तपकिरी, बोटांना जरा ताठ. मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून तो बनतो. क्रोमियमच्या क्षारांत मुरवला की थोडा उशिरा विरघळतो. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६९च्या सुमारास कार्बोलिक आम्लात निर्जंतुक केलेला कॅटगट आधी वासराच्या धमनीवर बांधून पाहिला होता. म्हणजे याची परीक्षा पहिल्यापासून जनावरांनीच दिली.

अडचण अशी की कॅटगट म्हणजे शेवटी प्रथिन. शरीरातली विकरं त्याला पचवतात, आणि जिथे दाह किंवा संसर्ग आहे तिथे जास्तच भराभर. किती दिवस तग धरेल याचा नेम नाही.

[सुई आतड्यातून जाताना, अगदी जवळून]

ही सुई राउंड बॉडी आहे, धार नसलेली. कडेपासून सुमारे तीन मिलिमीटरवर शिरते, समोरच्या कडेतून तेवढ्याच अंतरावर निघते. आतलं गुलाबी अस्तर बाहेर उलटू पाहतंय, ते डॉक्टर चिमट्याच्या टोकाने आत ढकलतात. आतड्याचे थर चार, पण टाका धरून ठेवतो तो एकच, अस्तराच्या लगेच बाहेरचा सबम्युकोसा. अमेरिकेतले शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी कुत्र्यांच्या आतड्यांवर प्रयोग करून १८८७ साली हे मांडलं. गंमत बघा, मेंढीचा कॅटगट बनतो तोही याच थरापासून.

आणि सगळा हिशेब पहिल्या तीन-चार दिवसांचा. तोवर जखमेला स्वतःची ताकद नसते, कडा उलट मऊ पडतात. आतडं जोडलेलं राहतं ते निव्वळ धाग्यावर. पुढे भरणं झपाट्याने होतं आणि दोन आठवड्यांत आतडं बरंचसं सावरतं. पण त्या पहिल्या तीन-चार दिवसांत टाका सुटला तर घाण पोटात पसरते आणि जनावर दगावू शकतं.

[दुसरं, तिसरं, चौथं पाकीट]

रेशीम हाताला सगळ्यात गोड, गाठ बसते ती बसतेच. पण ते विणलेलं असतं, समईच्या वातीसारखं ओल आणि जंतू आत ओढतं. शिवाय लवकर विरघळत नाही.

पॉलिग्लॅक्टिन, म्हणजे बाजारातलं व्हिक्रिल, हेही विणलेलंच. पण ते पाण्याने विघटित होतं, विकरांवर अवलंबून नाही. तीन आठवड्यांनी साधारण निम्मी ताकद उरते, दोन-अडीच महिन्यांत धागा नाहीसा होतो.

चौथा जांभळा धागा पॉलिडायॉक्सॅनोन, सगळे पीडीएसच म्हणतात. एकेरी, गुळगुळीत, आतड्यातून ओढताना खरवडत नाही. महिन्याभरानेही जवळपास निम्मी ताकद शिल्लक. खोड एकच, पाकिटातली वळणं विसरत नाही. गाठ सैल पडू नये म्हणून डॉक्टर एकावर एक पाच फेरे घेतात, मोजून.

व्हिक्रिलनेही काम होतं. आज सुईला पीडीएस आहे. कॅटगट स्वस्त, म्हणून आपल्याकडे जनावरांच्या वाट्याला तो अजून येतो. युरोपात मॅड काऊ या गुरांच्या रोगाच्या धास्तीने माणसांच्या शस्त्रक्रियेतून तो केव्हाच गेला.

[सिरिंजमधून सलाइन]

टाक्यांच्या दोन्ही बाजूंना आतडं बोटांनी दाबून मध्ये सलाइन भरतात. थेंब पाझरतोय का, ते टाक्या-टाक्याला पाहायचं. इथे एका जागी पाझरलं. तिथे एक टाका वाढवला. मग ओमेंटमचा, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, पदर वरून गुंडाळला, आणि आतडं आत.

कातडीला नायलॉन. ते दहा-बारा दिवसांनी काढायचं. पाणी आज रात्रीच, थोडं थोडं; पातळ पेज उद्यापासून.