म्हशीचं वेत आणि खुर्चीचा वेत

नमस्कार श्रोतेहो.

सांगोल्याच्या बाजारात वेत म्हटलं की म्हैस आठवते. "कितव्या वेताची?", म्हणजे कितव्यांदा व्यायलेली, हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. माझ्या पिढीला मात्र दुसराच वेत आठवतो, मास्तरांच्या हातातला. पाठीवर वळ उठायचे, छडी काही मोडायची नाही. बांबूसारखा पोकळ नसतोच तो. आतून भरीव, वाकेल पण तुटणार नाही.

हा वेत ताडाच्या कुळातला, म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या शिंदीचा भाऊबंद. पण आपल्याकडं वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस, त्यात तो जगायचा कसा? कॅलॅमस थ्वाइटेसी नावाचा जाड वेत सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या ओल्या जंगलात आणि श्रीलंकेत वाढतो. अंगभर काटेरी खोळ, वर आकड्यांचा लांब चाबूक. त्या आकड्यांनी शेजारच्या झाडाला धरत तो उन्हापर्यंत चढतो. फळावर चक्क खवले असतात. तोडणारा माणूस बुंधा कापून खालून ओढतो, तेव्हा वाळक्या फांद्या आणि मुंग्या त्याच्याच डोक्यावर पडतात. या जातीचं बेट असतं, म्हणून एक दांडा काढला तरी बाकीचे वाढत राहतात.

जाड वेत खुर्चीच्या सांगाड्याला, हातातल्या काठीला. बारीक वेताच्या टोपल्या. अरुणाचलात तर त्याचे झुलते पूल बांधतात.

आमच्या घरी आजोबांची खुर्ची होती. बैठक विणायला एक अंध कारागीर यायचे. वेताच्या सालीच्या पट्ट्या बादलीत भिजत घालायचे, चौकटीच्या भोकांतून आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या ओवायचे. पट्टी सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी. बोटानं चाचपत जायचे, एक पट्टी चुकली तर तीन उसवायचे. शेवटी आठ कोनांची जाळी तयार. मे महिन्यात त्या जाळीतून खालून वारा लागायचा. गादीच्या खुर्चीला ते सुख नाही. आता प्लॅस्टिकची पट्टी आली. ती उन्हात तापते, चिकटते, आणि तरी लोक तीच मागतात!

तुमच्याकडं अशी खुर्ची असेल आणि बैठक खाली बसली असेल, तर लगेच भंगारात काढू नका. उलटी करा, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं खालच्या बाजूनं चांगलं दाबून ठेवा, आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. पट्टी तुटलेली नसेल, तर सकाळपर्यंत जाळी पुन्हा ताठ होते. त्या दिवशी तेवढं कुणाला बसू देऊ नका.