भोक तसंच ठेवून हृदयाची दुरुस्ती?

नमस्कार मंडळी! हृदयातलं भोक बुजवणाऱ्या छत्रीच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "ताईच्या हृदयात भोक आहे, पण डॉक्टर म्हणतात छत्री बसणार नाही. का?"

आधी माझी तक्रार ऐका. छत्री बसवण्याला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणू नका हो! लेझरही नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी आत जाते, डॉक्टर एक्स-रेच्या पडद्यावर बघत असतात. कॅथलॅबमध्ये, म्हणजे हे नळीचे उपचार होतात त्या खोलीत, अकरा वर्षं काढली, दुर्बीण एकदाही दिसली नाही.

छत्री म्हणजे तारेच्या दोन चकत्या. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधोमध भोक असेल, भोवती काठ असेल, तर दोन्हीकडून चिमटा धरून बसते. 1976 साली किंग आणि मिल्स यांनी असं भोक बुजवल्याचं छापलं, म्हणजे गोष्ट जुनीच.

ताईंचं असेल कदाचित 'सायनस व्हिनोसस'. भोक पार वर, डोक्याकडून येणारी महाशीर उतरते तिथे. वरचा काठच नाही, चिमटा धरणार कशाला? शिवाय उजव्या फुफ्फुसाची शीर चुकून महाशिरेतच उघडलेली.

मग काय, तर महाशिरेत अस्तर लावलेला स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवतात. फुफ्फुसाची शीर स्टेंटच्या बाहेर राहते आणि तिचं रक्त मागून, त्याच भोकातून, डाव्या कप्प्यात जातं. भोक बुजवत नाहीत!

परत सांगते. मोठ्या पाइपाच्या आत दुसरा पाइप सरकवला. बाजूचा नळ बाहेर राहिला, त्याचं पाणी भिंतीतल्या जुन्या भोकातून पलीकडच्या टाकीत. म्हणजे भोक हाच रस्ता.

एक मावशी माझ्यावर तडकल्या होत्या, "भोक उघडंच, आणि बिल एवढं?" ईसीजीच्या कागदामागे चित्र काढून दाखवलं, तेव्हा म्हणाल्या, "अगं, भिंत बांधलीत होय!" अगदी तेच, मावशी. स्टेंट म्हणजे नवी भिंत.

एक मोठा धोका: फुफ्फुसाची शीर चेपायची. म्हणून आधी महाशिरेत फुगा फुगवतात, फुफ्फुसाच्या शिरेत डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडतात. डाय अडला, की थांबायचं आणि पेशंट सर्जनकडे. सीटी स्कॅन त्याआधीच झालेला असतो. काही ठिकाणी त्यावरून हृदयाची थ्रीडी प्रतिकृतीही छापतात.

"आमच्या तीन वर्षांच्या बाळाला चालेल का?" असं विचारणाऱ्या दादांना सांगते, स्टेंट मुलाबरोबर वाढत नाही. इतक्या लहानपणी बहुधा ऑपरेशनच. ताईंचा सीटी घेऊन मात्र एकदा विचारून या.