डोक्यावरचं टिंब, पायाखालचं टिंब

श्रोतेहो, नमस्कार. आधी एक कागद आणि पेन्सिल घ्या. गाडी चालवत असाल तर राहू द्या, नुसतं ऐका. हिंदीतलं एक वाक्य सांगते, ते उतरवून घ्या. 'हाँ माँ, लड़कियाँ सड़क पर हँस रही थीं।' पुन्हा एकदा, सावकाश. हाँ माँ, लड़कियाँ सड़क पर हँस रही थीं। झालं? आता कागद पालथा ठेवा. शेवटी तपासू.

तीस वर्षं मी पाचवी ते आठवीच्या मुलांना हिंदी शिकवली. पहिल्या दिवशी दरवर्षी तेच ऐकू यायचं, "बाई, हे तर आपलंच आहे!" अक्षरं येतात, काना-मात्रा येतात, सिनेमे बघून निम्मी भाषाही येते. इंग्रजीच्या तासाला जीव मुठीत धरून बसणारी मुलं हिंदीच्या तासाला पाय पसरून बसायची. आणि पहिल्या चाचणीत मार्क जायचे ते शब्दांपायी नाही, टिंबांपायी.

तुमच्या जवळच्या एखाद्या सरकारी बँकेच्या दारावरची पाटी आठवा. मराठीत 'बँक' लिहिताना ब-वर चंद्र आणि त्यात टिंब. हिंदीत त्याच शब्दाला दोन मात्रा आणि टिंब, 'बैंक'. म्हणायचं दोघांना जवळपास एकच आहे. हिंदीतल्या दोन मात्रा बोलताना आपल्या 'ॲ'च्या जवळ जातात, म्हणून तिथं चंद्राची गरज पडत नाही. मग हिंदीत चंद्र आणि टिंब एकत्र दिसले की त्याचा अर्थ काय?

इथंच आपली गाडी घसरते. मराठीत चंद्र दिसला की आपण 'ॲ' किंवा 'ऑ' म्हणतो. बॅट, डॉक्टर, काँग्रेस. हिंदीतलं चंद्रबिंदू स्वराला हात लावत नाही. ते फक्त सांगतं, की हा स्वर नाकातूनही येऊ दे. हे माहीत नसलेलं मराठी मूल 'चाँद'ला 'चॉन्द' म्हणतं आणि 'माँ'ला 'मॉं'. माझ्या वर्गातल्या एकानं 'हँसना' हा शब्द ठणठणीत आवाजात 'हॅन्सना' असा वाचला. वर्ग हसला, तोही हसला आणि म्हणाला, "बाई, मी हॅन्सलो."

मग मी नाकाचा प्रयोग करायचे. तुम्हीही करा, घरात कुणी बघत नसेल तर. दोन बोटं नाकपुड्यांवर अलगद ठेवा आणि 'हा' म्हणा. आता 'हाँ' म्हणा. दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवली? तेच चंद्रबिंदू. शिरोरेघेवर आधीच मात्रा किंवा वेलांटी असेल तर चंद्राला जागा उरत नाही, तिथं नुसतं टिंब देतात. में, नहीं, हैं. छपाईत पुष्कळ जण सगळीकडेच टिंबावर भागवतात. मला ते पटत नाही. 'हंस' हा पक्षी आहे आणि 'हँस' म्हणजे हास. एवढा तरी फरक कागदावर दिसावा.

पण खरी मेख आहे ती या साध्या टिंबात. 'है' एकाचं, 'हैं' अनेकांचं किंवा आदराचं. 'लड़की आई थी', 'लड़कियाँ आई थीं'. टिंब गेलं की अनेकवचन गेलं. आणि आपण ते हमखास खातो, बोलतानाही आणि लिहितानाही. कारण आपल्याच घरात आहे. आपल्या आजोबांच्या वह्या काढून बघा, 'नांव', 'कांहीं' असं लिहिलेलं सापडेल. ती टिंबं उच्चारात उरली नव्हती, म्हणून १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती काढून टाकली. चित्पावनी बोलणाऱ्या कोकणातल्या घरांत ते नाकातले स्वर अजून ऐकू येतात. बाकी महाराष्ट्र ती सवय विसरला, आणि हिंदी लिहायला बसला की तिथलीही टिंबं पुसतो. मी लाल पेनानं जी टिंबं दिली, ती मोजली असती तर एक वही भरली असती.

पायाखालचं टिंब म्हणजे नुक्ता. काही शब्दांत ड-खाली आणि ढ-खाली तो यायलाच हवा. सड़क, पढ़ना. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांत तो ज-खाली आणि फ-खाली येतो. 'सजा' म्हणजे सजलेला, 'सज़ा' म्हणजे शिक्षा. मुलांना हे लुटुपुटीचं वाटतं. मग मी फळ्यावर मराठी 'जग' लिहायचे आणि वाचायला सांगायचे. निम्मी मुलं दुनिया वाचायची, निम्मी 'जगत राहा' वाचायची. आपल्याकडेही दोन ज आहेत, फक्त आपण खूण करत नाही.

आता पूर्णविराम. हिंदीत तो टिंब नसून उभी रेघ आहे, तिला खड़ी पाई म्हणतात. जुन्या पोथ्यांतला दंड हिंदीनं वाक्य संपवायला ठेवून घेतला, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह मात्र इंग्रजीकडून घेतलं. आपण सगळंच इंग्रजी वळणाचं घेतलं. मोडीत तर दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडींना देतात. दंड आपल्याकडे उरला तो आरत्या-अभंगांत. माझी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली. तिची पत्रं अस्सल मराठीत, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी उभी रेघ. बाबा म्हणायचे, "ताईनं पत्राला कुंपण घातलंय."

मुलांच्या वहीत या रेघेनं फार घोळ होतो. ती शेवटच्या अक्षराला चिकटली आणि शिरोरेघ तिच्यापर्यंत गेली, की तिचा काना होतो. 'घर चल।' हे 'घर चला' होतं. आई अजून बोलावतेय, वहीत पोरगा केव्हाच निघालेला! म्हणून दंडाआधी थोडी जागा सोडा आणि शिरोरेघ अलीकडेच थांबवा.

अंकांची गंमत वेगळी. देवनागरी अंक रोज वाचायचे असतील तर आज ते मराठी वर्तमानपत्रात, बेस्टच्या बसच्या कपाळावर सापडतात. हिंदी वर्तमानपत्रांत बहुतेक इंग्रजी पुस्तकांत असतात तेच. याचं एक मूळ १४ सप्टेंबर १९४९ला आहे. संविधान सभेनं त्या दिवशी हिंदीला राजभाषा केलं आणि अंकांवरून झालेल्या मोठ्या वादानंतर तडजोड स्वीकारली. कलम ३४३ म्हणतं, लिपी देवनागरी, पण अंक 'भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपात'.

वाचायला अंक सोपे, ऐकायला महाकठीण. आपला एकोणसाठ तिकडे उनसठ, आपला एकोणऐंशी तिकडे उन्यासी. इंदूरला कापडाच्या दुकानात "उन्यासी रुपये मीटर" ऐकून मी एकोणनव्वद मोजून दिले. दुकानदारानं दहा रुपये परत केले आणि म्हणाला, "बहनजी, वो नवासी होता है।"

चला, कागद सुलटा करा. चंद्रबिंदू चार हवेत, हाँ, माँ, लड़कियाँ आणि हँस यांवर. नुक्ते दोन, लड़कियाँ आणि सड़क यांच्या ड-खाली. माँ-नंतर स्वल्पविराम. 'थीं'वर टिंब, आणि शेवटी थोडी जागा सोडून उभी रेघ. एकूण नऊ खुणा. 'थीं'वरचं टिंब राहिलं असेल, तर तुमच्या वाक्यात लड़कियाँ अनेक आहेत आणि हसतेय एकटीच.