फॉरेन्सिक प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. फॉरेन्सिक, म्हणजे गुन्ह्यातले पुरावे तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत नोकरी करायची तर काय शिकावे, असे विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक त्याहून अधिक विचारतात, आणि बहुतेकांना माझ्याकडून एखाद्या अभ्यासक्रमाचे नाव हवे असते. माझे उत्तर नावापासून सुरू होत नाही. रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र यांपैकी एक विषय आधी पक्का करा, आणि त्यातला हाताने करायचा भाग अधिक पक्का करा. असे मी का म्हणतो, हे सांगण्यासाठी एका विषाची गोष्ट सांगावी लागेल.

१८३३ साली इंग्लंडमध्ये जॉन बोडल नावाच्या तरुणावर आपल्या आजोबांना कॉफीतून आर्सेनिक, म्हणजे सोमल, दिल्याचा खटला चालला. तपासणीचे काम जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाकडे आले. त्याने नमुन्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडून आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला. पण न्यायालयात तो दाखवण्याची वेळ येईपर्यंत साका खराब होऊन गेला होता. ज्युरीची खात्री पटली नाही आणि आरोपी सुटला. मार्शने ही गोष्ट मनाला लावून घेतली आणि १८३६ साली नवी पद्धत प्रसिद्ध केली. संशयित नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचे. आर्सेनिक असेल तर आर्सिन वायू निघतो. तो पेटवून ज्योतीत चिनी मातीचा थंड तुकडा धरला की त्यावर काळसर, चकचकीत डाग उमटतो. हा डाग न्यायालयापर्यंत नेता येत होता आणि ज्युरीला डोळ्यांनी पाहता येत होता.

आता १८४० साली फ्रान्समधल्या त्यूल या गावी चला. मारी लाफार्ज या तरुण स्त्रीवर पतीला सोमल दिल्याचा आरोप होता, आणि तिने उंदरांसाठी म्हणून सोमल विकत आणला होता, हे उघड होते. स्थानिक रसायनतज्ज्ञांनी मार्शची नवी पद्धत वापरून पाहिली, पण त्या पद्धतीचा सराव त्यांच्या हाताला नव्हता. पतीचे शव उकरून काढून तपासले, तरी शरीरात त्यांना काहीच सापडले नाही. उलट घरातल्या अन्नपदार्थांत मात्र सोमल भरपूर मिळाला. विष अन्नात आहे आणि ते खाणाऱ्याच्या शरीरात नाही, अशा पेचात न्यायालय सापडले. शेवटी विषशास्त्रातील त्या काळचा सर्वांत मोठा अधिकारी माथ्यू ऑर्फिला याला पॅरिसहून बोलावण्यात आले. त्याने तीच पद्धत वापरली आणि शरीरात आर्सेनिक असल्याचे दाखवले.

माझ्या मते गोष्टीचा खरा गाभा यापुढे आहे. ऑर्फिला केवळ ‘विष सापडले’ असे सांगून थांबला नाही. हे आर्सेनिक तपासणीसाठी वापरलेल्या रसायनांतून आलेले नाही आणि शवपेटीभोवतीच्या मातीतूनही आलेले नाही, हेही त्याने न्यायालयापुढे मांडले. जस्तात आणि आम्लात मुळातच आर्सेनिकचा अंश असू शकतो. म्हणून नमुना न घालता, नुसत्या रसायनांवर तीच चाचणी आधी करून पाहावी लागते. पुन्हा सांगतो, नमुना न घालता तीच चाचणी आधी करायची. याला कोरी चाचणी म्हणतात. आपण वापरतो ती वस्तू स्वच्छ आहे असे गृहीत धरल्याने काय होते, ते २००९ साली जर्मनीत पुन्हा दिसले. गुन्ह्यांच्या सुमारे चाळीस ठिकाणी सापडलेला एका ‘अज्ञात स्त्री’चा डीएनए हा नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्या हाताळणाऱ्या कामगार महिलेचा निघाला. काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या.

म्हणून पदवीच्या काळात प्रात्यक्षिकाचा तास बुडवू नका. अपेक्षित उत्तर ठाऊक असल्यामुळे प्रयोगातली वाचने, म्हणजे मोजलेले आकडे, मागून जुळवून आणण्याची जी सवय विद्यार्थ्यांना लागते, आणि ज्या सवयीकडे शिक्षक कौतुकाने नसले तरी सोयीने दुर्लक्ष करतात, ती मला सर्वांत घातक वाटते; पूर्ण गुण मिळवून देणाऱ्या प्रयोगवह्यांवर माझा फारसा विश्वास नाही. नोंद जागच्या जागी शाईने करावी, चूक खोडरबराने पुसू नये. तिच्यावर एकच रेघ मारावी, म्हणजे मूळ आकडा वाचता येईल, आणि शेजारी तारीख व आद्याक्षरे लिहावीत.

विषयनिवडीचे थोडक्यात सांगतो. डीएनए विभागात जायचे असेल तर जनुकशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र हवे. विषे आणि अमली पदार्थ यांसाठी सेंद्रिय व विश्लेषणात्मक रसायनशास्त्र हवे, सोबत औषधशास्त्राची ओळख असावी. मोबाइल आणि संगणक तपासायचे असतील तर संगणकशास्त्र घ्यावे. फॉरेन्सिक नावाची पदवी घेण्यास माझी हरकत नाही, मात्र तिच्या अभ्यासक्रमात प्रयोगशाळेचे तास किती आहेत, हे प्रवेशाआधी पाहावे. संख्याशास्त्र मात्र सर्वांनीच शिकावे, कारण दोन नमुने जुळले म्हणजे काय आणि असे जुळणे योगायोगाने किती वेळा घडू शकते, हे वकील विचारणारच, आणि त्याचे उत्तर विज्ञान न शिकलेल्या न्यायाधीशाला कळेल अशा शब्दांत द्यावे लागेल.

नेमणूक मिळाल्यावरही खरा पुरावा लगेच हातात येत नाही. व्यवस्थित चालणाऱ्या प्रयोगशाळेत नवख्याला आधी सरावाचे नमुने दिले जातात, उत्तर न सांगता त्याची परीक्षा घेतली जाते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावरच, तीही ज्या चाचणीची परीक्षा दिली तेवढ्याच चाचणीपुरती, त्याला अहवालावर सही करण्याची परवानगी मिळते.