बिल्टीवर उतरलेलं घर

नमस्कार श्रोतेहो.

घर हलवायचं म्हणून पॅकर्सवाल्यांना फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "टू बीएचके की थ्री?" आपण "टू" म्हणतो आणि पाच मिनिटांत आकडा हजर. या आकड्यावर कसलाही बेत आखू नका. आपल्या गोव्यात पर्वरीच्या फ्लॅटमधलं नव्या जोडप्याचं टू बीएचके वेगळं आणि बांदोड्याच्या जुन्या घरातल्या दोन खोल्या वेगळ्या. त्या दोन खोल्यांच्या घरात न्हाणीतलं तांब्याचं भाण असतं, वाटणाचा दगडी रगडा असतो, शिसवी पलंग असतो आणि माळ्यावर काय काय आहे ते घरच्यांनाही धड ठाऊक नसतं. बदलीचा हुकूम हातात पडला की आपण ट्रक कधी येणार याच काळजीत असतो. माझं म्हणणं असं, की सामान सुखरूप पोचणार की नाही, हे ट्रक दारात यायच्या आधीच, कागदावर बरंचसं ठरून गेलेलं असतं.

म्हणून आधी कंपनीचा माणूस घरी बोलवा. तो येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवा. पण दाखवायचं ते सगळं. माळा, बाल्कनीतल्या कुंड्या, पलंगाखालच्या पेट्या, बायकोच्या माहेरून आलेलं आणि अजून न उघडलेलं खोकं, सगळं. यावरूनच तो 14 फुटी गाडी लागेल की 17 फुटी की 19 फुटी, ते ठरवतो. त्याला घर दाखवून झालं की रस्ताही दाखवा. ही गोष्ट गोव्यात फार महत्त्वाची. आपल्या वाड्यांवरच्या वाटा दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून जातात, वर आंब्या-फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा. पणजीच्या मळा भागात तर मोठ्या गाडीला वळायलाच जागा नाही. मग ट्रक हमरस्त्यावर उभा राहतो आणि दारापासून ट्रकपर्यंत सामान छोट्या टेंपोतून, म्हणजे आपल्या छोटा हत्तीतून न्यावं लागतं. या फेऱ्यांचे पैसे कोण देणार, ते अंदाजपत्रकात लिहिलेलं हवं. जिथे उतरायचं तिथलीही चौकशी करा. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत सामानासाठी लिफ्ट ठरावीक वेळेतच मिळते, कुठे आधी अर्ज द्यावा लागतो. लिफ्ट नाही मिळाली तर मजल्यागणिक हमालीचा दर वाढतो.

आणखी एक प्रश्न नक्की विचारा. गाडी एकट्या आपल्या सामानाची, की त्यात दुसऱ्या कुणाचंही सामान? पार्ट लोड स्वस्त पडतो हे खरं. पण त्यात सामान गोदामात उतरतं, पुन्हा चढतं, कधी दुसऱ्या गाडीत जातं. जितक्या वेळा हात लागेल तितका धोका वाढतो, आणि पोचायची तारीखही सरकते. थोडंच सामान असेल, घाई नसेल, तर पार्ट लोडला हरकत नाही. पण आजोबांच्या वेळचं काचेच्या दारांचं कपाट न्यायचं असेल तर मी पूर्ण गाडीच करीन.

आता पावसाविषयी. जून ते सप्टेंबरमध्ये घर हलवणं टाळता आलं तर उत्तम. पण बदलीचा हुकूम काही मृगनक्षत्र बघून निघत नाही. पावसात जायचंच असेल तर उघड्या ट्रकवर ताडपत्री टाकून भागवू नका, बंद कंटेनर मागा. आणि कंटेनर आला की दिवसाउजेडी आत उभं राहून दारं लावून घ्या. आतून कुठेही उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. ही तपासणी दोन मिनिटांत होते, आणि कुणी करत नाही. लाकडाचीही एक गंमत आहे. आपल्या हवेत लाकूड ओल धरतं. ते तसंच प्लास्टिकच्या बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळलं की ओल आत कोंडते आणि पेटाऱ्यावर हिरवी-पांढरी बुरशी धरते. म्हणून लाकडाला आधी जुनी चादर किंवा पुठ्ठा आणि मग वरून प्लास्टिक. पुस्तकांना लहान खोकी. मोठं खोकं भरून पुस्तकं ठेवली की दमट पुठ्ठा बुडाशी फाटतो.

शिवाय घाट. गोव्याबाहेर जाताना आंबोलीतून वर चढायचं किंवा मोलेवरून अनमोडच्या बाजूनं. चोर्ल्यात अवजड वाहनांवर वेळोवेळी बंदी येते. पावसात दरड आली, रस्ता खचला, की गाडीला लांबचा फेरा पडतो किंवा ती अडकून पडते. त्या खोळंब्याचे पैसे कोणाकडे, हेही आधीच विचारून घ्या. गाडी अनमोडच्या वळणावर उभी असताना फोनवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

तारखेचं थोडक्यात सांगतो. महिनाअखेर, मे महिना आणि गृहप्रवेशाचे चांगले मुहूर्त, या दिवसांत कामगार मिळत नाहीत आणि दर चढलेले असतात. मुहूर्त पाळायचाच असेल तर देव, कलश आणि दुधाचं पातेलं घेऊन आपण पुढे जावं, दूध उतू घालावं. ट्रक दोन दिवसांनी एखाद्या साध्या बुधवारी आला तरी वास्तुपुरुष रागावत नाही. चतुर्थीच्या आठवड्यात कुणी गाडी बुक करू नये, हे गोवेकराला सांगायला नको. पणजीत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची गर्दी, मार्चमध्ये शहराशहरांतून शिगम्याचे चित्ररथ आणि बंद रस्ते. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत तर किनारपट्टीकडे ट्रक बोलावूच नका.

आणि आता मुख्य गोष्ट, यादी आणि बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती.

सामान चढवताना प्रत्येक खोक्याला नंबर, आणि त्या नंबरासमोर आत काय आहे, ही यादी दोन प्रतींत व्हायला हवी. "किचन आयटम, 1 खोकं" एवढं लिहिलं तर त्यातून पितळेची समई गेल्यावर तुम्ही काय दाखवणार? समई, तांब्याची कळशी, मिक्सर अशी नावं लिहा. ज्या वस्तूला आधीच ओरखडा आहे तोही लिहा, फोटो काढा. तो ओरखडा नंतर वादाचा विषय होतो. आणि किंमत घाला. ही जागा सगळेजण रिकामी सोडतात किंवा उगाच कमी आकडा टाकतात, कुणाला वाटतं नाक्यावर कर लागेल. तसं काही नाही. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीचं ई-वे बिल लागत नाही. ड्रायव्हरकडे यादी, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि "हे माझं वापरलेलं घरगुती सामान आहे" असं सहीचं पत्र असलं की पुरे. मात्र नवा कोरा टीव्ही दुकानातल्याच खोक्यात बंद असेल तर त्याच्या बिलाची प्रत सोबत द्या. तो व्यापाराचा माल वाटू शकतो.

किंमत का लिहायची, तेही ऐका. 2007 चा रस्ते मालवाहतुकीचा कायदा आहे, त्याचे नियम 2011 साली आले. त्यानुसार मालाचं नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. समजा, भाडं 15,000 रुपये आहे. म्हणजे कमाल दीड लाख. पण तुम्ही यादीत सगळ्या घराची किंमत 30,000 लिहिली असेल तर गोष्ट तिथेच संपली. सामानाची खरी किंमत दीड लाखाहून जास्त असेल तर ती आधी जाहीर करून, जास्त जोखमीचा जादा दर भरून, जबाबदारी वाढवून घेता येते. हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. बिलात पॅकिंग, हमाली आणि भाडं वेगवेगळं मांडलेलं असतं, तेव्हा त्यातलं भाडं किती ते नीट पाहून घ्या. बिल्टीवर "ओनर्स रिस्क", म्हणजे "जोखीम मालकाची", असा शिक्का असेल तर सही करण्याआधी त्याचा नेमका अर्थ विचारा.

विम्याचंही तसंच. "सर, इन्शुरन्स इन्क्लुडेड आहे" असं सांगतात आणि बिलात टक्केवारीनं पैसेही लावतात. पण पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची, तिचा नंबर काय? तो कागद हाती येत नसेल तर ते पैसे विम्याचे नाहीत, असंच धरा. आणि तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली काच फुटली तर विमा कंपन्या बहुधा हात वर करतात. म्हणून काच, चिनी माती आणि टीव्ही पॅकर्सवाल्यांकडूनच भरून घ्या, कपडे आणि पुस्तकं हवी तर आपण भरा.

कंपनी कशी ओळखायची? नामांकित कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव, तसाच लोगो, आणि पत्ता तपासला तर भलताच, असे प्रकार सर्रास चालतात. जीएसटी नंबर घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहा, कुणाच्या नावावर आहे ते. गाडी तुमची की दुसऱ्याची, हे सरळ विचारा. पुष्कळदा बुकिंग घेणारा निव्वळ दलाल असतो. सर्वांत स्वस्त आकडा देणाऱ्याचा तर मला नेहमीच संशय येतो. सामान ट्रकमध्ये चढलं की वजन वाढलं, टोल वाढला, म्हणून दुप्पट पैसे मागायचे आणि दिले नाहीत तर गाडी सोडायची नाही, ही जुनी चाल आहे. बँकेत किंवा सरकारी नोकरीत असाल तर बदलीचे पैसे मिळायला कुठलं बिल चालतं, ते ऑफिसात आधी विचारा. बिलावर "आयबीए मान्यताप्राप्त" छापलं म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीत नाव असतंच असं नाही.

ट्रकमध्ये काय द्यायचं नाही, तेही सांगायला हवं. सोनंनाणं, रोकड, औषधं हे ठाऊकच आहे. पण गोव्याच्या घरात आणखी एक गठ्ठा असतो, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, सनद, आणि 1961 च्या आधीचे आजी-आजोबांचे पोर्तुगीज काळातले जन्मदाखले. हे गेले तर परत काढताना फार खेपा पडतात. ते पिशवीत आपल्या मांडीवर. गॅस सिलिंडर नेऊ देत नाहीत. एजन्सीत जाऊन रेग्युलेटर आणि सिलिंडर जमा करा, हस्तांतराचं व्हाऊचर घ्या. आणि काजू फेणी. पुण्याच्या मेव्हण्यासाठी दोन बाटल्या रजईत गुंडाळून ठेवायचा मोह होतो, मला कळतं. पण पत्रादेवीपलीकडे इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. परवान्याशिवाय बाटली सापडली तर तुमच्या सगळ्या संसारासकट ट्रक तिथे उभा राहतो. उकडे तांदूळ न्या, सोलं न्या, नारळ न्या. खोबरेल आणि लोणचं मात्र गळतं.

यंत्रांचं थोडक्यात. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करावा, उभाच न्यावा; आडवा केला असेल तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करावा. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे ड्रम अडवायचे बोल्ट शोधून लावा. एसी तंत्रज्ञाकडूनच उतरवून घ्या. स्कूटरमधलं पेट्रोल काढा. आणि गाडी परराज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर आरटीओची ना हरकत आधीच काढून ठेवा, मागाहून त्यासाठी पुन्हा गोव्यात यावं लागू शकतं.

सामान पोचलं की सगळे दमलेले असतात, हमाल सहीसाठी घाई करतात. घाई करू नका. यादी हातात घेऊन नंबर मोजा, मोठी खोकी तिथल्या तिथे उघडा, आणि काही फुटलं-हरवलं असेल तर पोचपावतीवर स्वतःच्या हातानं लिहूनच सही करा. जिथे पाहायला वेळ मिळाला नाही, तिथे "खोकी उघडून पाहिलेली नाहीत" असं लिहा. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत कंपनीला जायला हवी, नाहीतर पुढे दावा करता येत नाही. फोनवर "करतो, बघतो" ऐकत चार महिने निघून जातात, म्हणून ती लवकर आणि स्पीड पोस्टानं पाठवा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. 2019 च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. त्यासाठी कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

नमस्कार.