पेत्राचं तोंड

प्रिय श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावात तुम्हा सर्वांना सलाम.

"देवानं मला क्षमा केली हे मी मानतो. पण त्याच्याविषयी चार लोकांत बोलायला मला तोंड कुठं आहे?" मंडळीत हे वाक्य फार ऐकू येतं, आणि बोलणारा बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. आपण काय केलंय ते त्याला ठाऊक असतं. घरच्यांना तर जरा जास्तच ठाऊक असतं. अशा श्रोत्यांसाठी आज येशूचा शिष्य शिमोन पेत्र याच्याविषयी बोलू या.

येशूला अटक झालीय, ती रात्र. महायाजकाच्या, म्हणजे यहुद्यांच्या मुख्य याजकाच्या, वाड्याचं अंगण. रात्रीची थंडी आहे, म्हणून चाकरांनी आणि शिपायांनी कोळशाचा विस्तव पेटवलाय. पेत्र तिथं शेकत उभा आहे. एक दासी त्याच्याकडे निरखून बघते आणि म्हणते, तूही त्या नासरेथकर येशूबरोबर होतास. तिच्या हाती ना तलवार, ना अधिकार. आणि त्याच रात्री जेवणाच्या वेळी "तुझ्यासाठी मरेन" म्हणणारा हा गडी तिच्यापुढं साफ कानांवर हात ठेवतो. तिसऱ्या खेपेला तर तो शापशपथा घालून सांगतो, त्या माणसाला मी ओळखत नाही. नाव घ्यायचंही टाळतो. नुसतं "त्या माणसाला".

आता गंमत बघा. ही लाजिरवाणी हकिकत चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावानं असलेल्या येशूच्या चरित्रांत, आहे. पेत्र तर पहिल्या मंडळीचा पुढारी. त्याचा मान राखायला कुणी ती गाळली असती तर आपल्याला पत्ताही लागला नसता. दुसऱ्या शतकातला पपियास नावाचा बिशप लिहून गेलाय की मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि पेत्राच्या तोंडून ऐकलेलं त्यानं लिहून ठेवलं. हे खरं धरलं, तर शापशपथांचा तपशील खुद्द पेत्रच लोकांना सांगत होता. आणि मार्कात त्याच्या बाजूनं सबबीचा एक शब्दही नाही. मला वाटतं, क्षमा मिळाल्याची याहून चांगली खूण सापडायची नाही. ज्याचा हिशेब अजून मिटलेला नसतो, तो सबबी शोधत बसतो.

हिशेब मिटला कुठं? योहानाच्या २१ व्या अध्यायात. येशू मरणातून उठल्यानंतरची ही गोष्ट. शिष्यांनी रात्रभर जाळी टाकलीत, हाती काही लागलेलं नाही. पहाटे काठावरून कुणी तरी सांगतं, उजवीकडे टाका; आणि मोठमोठे १५३ मासे जाळ्यात येतात. पेत्र पाण्यात उडी टाकून किनारा गाठतो. तिथंही कोळशाचा विस्तव आहे! पण हा प्रभूनं पेटवलाय, त्यावर मासळी ठेवलीय, शेजारी भाकर आहे, आणि प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. आधी पोटाला, मग बोलणं. जेवण झाल्यावर तो पेत्राला तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" त्या रात्रीचा पाढा तो वाचत नाही, पुन्हा असं करणार नाहीस ना, असं वचनही घेत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटतं. जखम धुताना झोंबायचीच. पण प्रत्येक उत्तराच्या पाठोपाठ लगेच काम सोपवलं जातं: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ, माझी मेंढरं चार. मध्ये काही वर्षं वागणूक तपासून पाहू, असं म्हटलेलं नाही.

खरं तर हे काम त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं. लूक सांगतो, पेत्र नाकारणार हे माहीत असूनच प्रभू म्हणाला होता, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडण्याआधीच उठल्यानंतरचं काम ठरलेलं होतं.

मग हा माणूस उपदेश कसा करतो? बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, तिसरा अध्याय. यरुशलेमच्या मंदिरातल्या शलमोनाच्या देवडीत गर्दी जमलीय आणि पेत्र त्यांना तोंडावर सांगतो, जो पवित्र व नीतिमान त्या येशूला तुम्ही नाकारलं. हे कोण म्हणतंय? तोच, ज्यानं स्वतः तीनदा नाकारलं! दुसरा कुणी असता तर हा शब्द त्याच्या घशात अडकला असता. पेत्र तो उच्चारतो, पण तिथं थांबत नाही. पुढं म्हणतो, भावांनो, तुम्ही हे अज्ञानानं केलंत हे मला ठाऊक आहे. पश्चात्ताप करा आणि वळा, म्हणजे तुमची पापं पुसून टाकली जातील. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून आलेला माणूसच असं बोलू जाणे.

सगळ्यांचं तोंड इतक्या लवकर उघडत नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडचा जॉन न्यूटन १७४८ च्या वादळात देवाकडे वळला, आणि त्यानंतरही गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान म्हणून समुद्रावर जात राहिला. १७५४ मध्ये प्रकृतीनं साथ सोडली तेव्हा ते थांबलं. १७६४ मध्ये तो पाळक झाला. पण त्या व्यापाराविरुद्ध, आणि त्यातल्या स्वतःच्या वाट्याविषयी, त्यानं पुस्तिका काढली ती थेट १७८८ मध्ये. आणि आपली कबुली फार उशिरा येतेय, हेही तिच्यात लिहिलं. जहाजाच्या पोटात माणसं कशी कोंबली जातात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आलं. ब्रिटिश संसदेनं १८०७ मध्ये तो व्यापार बंद केला, तेव्हा न्यूटन हयात होता.

आणखी एक. साक्ष देताना आपल्या पापाच्या गोष्टीत दुसऱ्याची गुपितं उघडी करू नका, आणि ज्याचं नुकसान केलंय त्याच्याकडे व्यासपीठावर चढण्याआधी जा. बोलायचं कसं, ते पेत्रानंच आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय: तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेनं द्या. अंगणातल्या त्या दासीनंही त्याला एवढंच विचारलं होतं.